कडू भाकरी आणि क्रूसाचा पाव

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं वक्त्यानें धर्मग्रामाच्या उत्कर्षाची कथा सांगावी, अशी रीत आहे. ख्रिस्तमंदिराची कोनशिला केव्हां बसली, घंटा कोणीं दिली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हें सर्व ह्या स्मरणिकेच्या इतर पानांवर अधिकारी लेखकांनीं लिहिलेंच आहे. आम्हांस उत्सवमंडळानें निराळेंच काम नेमून दिलें. दरवर्षीं २९ सप्टेंबरच्या रात्रीं आपल्या धर्मग्रामांतील स्त्रिया मसाल्याचे गोड पाव भाजतात आणि त्यांवर क्रूस काढितात, त्याविषयीं दोन शब्द बोला, असें मंडळाचें सांगणें आहे. कारण असें, कीं धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें विचारूं लागलीं आहेत, क्रूसाचा पाव तर पवित्र शुक्रवारचा; मग आपल्याकडे तो सप्टेंबरांत कां? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर देण्याकरितां थोडें मागें जावें लागेल, आणि वाटेंत आमची स्वतःची एक चूकही पदरांत घ्यावी लागेल.

गुरुवार, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गांवोगांव गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां घरीं परतले आणि दमून झोंपीं गेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूमि हादरली. आम्ही त्या वेळीं नांदेडास राहत होतों. मांडणीवरचीं भांडीं वाजलीं, गल्लींतलीं कुत्रीं एकदम भुंकूं लागलीं, आणि आम्ही मुलाबाळांसह अंगणांत आलों. शेजाऱ्यांशीं चार शब्द बोललों, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण पुन्हां जाऊन निजलों. सकाळीं बातम्यांत किल्लारी हें नांव ऐकलें, तेव्हां कळलें कीं आम्ही ज्याला थरथर समजलों, तें लातुराकडे काय होतें.

त्या भूकंपाची तीव्रता शास्त्रज्ञांनीं ६.२ मोजली. ह्याहून मोठे धक्के जगांत दरवर्षीं कोठें ना कोठें बसतच असतात. परंतु हा धक्का उथळ होता, आणि तो अशा भूमींत बसला जी युगानुयुगें स्थिर म्हणून समजली जात होती. दख्खनचा काळा पाषाण हलेल, हें कोणाच्या स्वप्नीं नव्हतें. सूचना अगदींच नव्हती, असेंही नाहीं. आदल्या वर्षीं, १९९२ च्या उत्तरार्धांत, किल्लारीस लहान लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा. कित्येकांनीं कांहीं रात्री उघड्यावर काढल्या. पण माणूस उघड्यावर किती दिवस निजणार? लोक पुन्हां आपापल्या घरांत गेले.

आणि तीं घरें कशीं होतीं, हें आपण मराठवाड्याचे लोक जाणतोंच. दगडामातीची दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद भिंत. तिच्या आंत लाकडी खांब व तुळया. आणि वर मातीचा जाड थर दिलेलें माळवद. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें, म्हणून आपल्या पूर्वजांनीं तें पत्करलें. परंतु पावसाळ्यापूर्वीं गळती थांबवावयाची म्हणून माळवदावर नवी माती टाकावयाची, आणि असें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें. त्यामुळें डोक्यावरचें ओझें वाढतच गेलें. ज्या मातीनें उन्हापासून राखिलें तीच त्या पहाटे अंगावर आली. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें भुईसपाट झालीं. सरकारी मोजणीप्रमाणें सुमारें ८ हजार माणसें दगावलीं. दुसऱ्या कित्येक गणना १० हजारांच्या जवळ जातात. देशाचे गृहमंत्री शंकरराव चव्हाण त्या वेळीं नांदेडचे होते, लोकसभेचे अध्यक्ष शिवराज पाटील लातूरचे. ज्या भागाचें नांव दिल्लींत क्वचित् निघे, त्या भागाचें दुःख एका दिवसांत अवघ्या राष्ट्राचें दुःख झालें.

येथें एक गोष्ट आम्ही टाळूं इच्छित नाहीं. त्या दिवसांत, आपल्या लोकांतही, कोणी कोणी हलक्या आवाजांत म्हणत, हा कोणत्यातरी पापाचा दंड असावा. असें बोलणारे सर्व काळीं निघतात. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भूकंप झाला, तेव्हां महात्मा गांधींसारख्या पुरुषानें तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला. आणि अस्पृश्यतेचा तितकाच तिटकारा असूनही रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यास जाहीर विरोध केला. गांधींनीं तो विरोध आपल्याच पत्रांत छापला, हें त्यांच्या मोठेपणास साजेसेंच झालें. आम्हां ख्रिस्ती जनांना तर ह्या बाबतींत शंकेला जागाच नाहीं. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत सिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांची गोष्ट आहे. तीं माणसें यरुशलेमांतील इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, असें प्रभु विचारतो, आणि नाहीं असें स्वतःच उत्तर देतो. भिंत पडून मेलेल्याच्या पापांचा हिशेब मांडण्याचें काम त्यानें कोणासही दिलेलें नाहीं.

आतां आमची चूक. तिसऱ्या दिवशीं नांदेडहून आम्ही कांहीं मंडळी एक टेंपो घेऊन निघालों. काय न्यावें, ह्याचा विचार करावयास सवड कोणाला होती? शहरांतल्या दोन-तीन बेकऱ्यांत जितका पाव मिळाला तितका भरला. लोहा, अहमदपूर, लातूर, औसा करीत लामजन्यापर्यंत पोहोंचलों, तों पावसानें गांठलें, आणि पुढें मालमोटारींची रांगच रांग. ताडपत्री फाटकी. किल्लारीच्या शिवारांत शिरेपर्यंत निम्मा पाव भिजून गेला होता. उरलेल्यास दुसऱ्या दिवशीं हिरवा बुरा आला. आम्हीच असे होतों, असें नाहीं. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणीं पावाचे व पुऱ्यांचे ढीग पडले होते आणि त्यांवर कुत्रीं तोंड घालीत नव्हतीं. एका पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या बाईपुढें आम्ही चांगल्यापैकीं दोन लाद्या धरल्या. तिनें आमच्याकडे पाहिलें. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. "पाव नको, बाबा. तवा हाय का?" एवढेंच तिनें विचारलें. तवा आमच्याजवळ नव्हता. परात नव्हती, ज्वारीचें पीठ नव्हतें, मीठसुद्धां नव्हतें. आम्ही तिला काय हवें तें विचारून निघालों नव्हतों. आम्हांस जें देणें सोपें होतें तें घेऊन निघालों होतों.

हा तवा आमच्या मनांतून कधीं गेला नाहीं. तथापि त्याचा पुरा अर्थ कळावयास पुढें दहाबारा वर्षें लागलीं.

दरम्यान आमची बदली लातुरास झाली व आम्ही आपल्या ह्या धर्मग्रामाचे झालों. ख्रिस्तमंदिराच्या मागील गल्लींत एक वृद्ध बाई राहत; त्यांना सर्व गल्ली आत्याबाई म्हणे, म्हणून आम्हीही म्हणूं लागलों. गळ्यांत तुळशीची माळ, दरवर्षीं आषाढीची वारी. लातूर पॅटर्नच्या कीर्तीमुळें ह्या शहरांत परगांवचीं मुलें शिकावयास येतात. अशा मुलांच्या एका खानावळींत आत्याबाई भाकऱ्या थापीत. त्या भूकंपग्रस्त गांवच्या होत्या, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. त्या स्वतः कांहीं सांगत नसत.

एका पवित्र शुक्रवारीं क्रूसाची वाट आटोपल्यावर आपल्या स्त्रियांनीं केलेले मसाल्याचे पाव घरोघर वाटले गेले. ही रीत आपल्याकडे मुळांतली नव्हे, हें सांगितलें पाहिजे. गोव्याकडे व मुंबईंत वांद्र्याच्या बाजूस बेकऱ्यांतून हे पाव त्या आठवड्यांत मिळतात. आपल्याकडे ते एका धर्मभगिनीनें शिकविले, ज्या वसईच्या होत्या आणि ज्यांचा हात पिठांत पडला कीं पीठ आपोआप ऐके. तर असा एक पाव आत्याबाईंच्या हातीं गेला. त्यांनीं तो उलटसुलट पाहिला व हा क्रूस कशाचा, म्हणून विचारिलें. आम्ही सांगितलें, कीं आमच्या प्रभूच्या मरणाचा हा दिवस, त्या खुणेचा हा पाव. त्या क्षणभर थांबल्या.

"म्हंजे दुखवट्याचा पाव म्हणा की, मास्तर. आमच्यात कडू भाकरी असती, तशी."

कडू भाकरी म्हणजे काय, तें आपल्यापैकीं शहरांत वाढलेल्या मुलांस कदाचित् ठाऊक नसेल. ज्या घरांत मृत्यु झाला, त्या घरीं त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारीपाजारी, भावकीचे लोक, सोयरेधायरे आपापल्या घरून भाकरी व पिठलें बांधून आणतात आणि शोकांत बसलेल्यांस दोन घास बळेंच खावयास लावतात. तिला कडू भाकरी म्हणतात; कोठें कोठें कडू घास म्हणतात. पीठ तेंच, मीठ तेंच; कडू आहे तो प्रसंग. पुढें यथाकाल गोड घास भरवून दुखवटा काढतात. मराठवाड्यांत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, सर्वांच्या दारीं अशी शिदोरी आलेली आम्ही पाहिली आहे, आणि ती कोणाच्या घरून आली, हें घरचीं माणसें जन्मभर विसरत नाहींत.

आत्याबाई मग जें बोलल्या तें आम्ही शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत देतों. "गावातलं एक माणूस गेलं तर शेजारी भाकरी आणतेत. आमचं समदं गावच गेलं. शेजारी बी गेले, भावकी बी गेली. मग भाकरी कुणी आणावी? गाड्या लई आल्या. भांडी आली, चादरी आल्या, घरं बी बांधून दिली. पर कडू भाकरी कुणी आणली न्हाई. माझा दुखवटा तसाच ऱ्हायलाय, मास्तर."

आम्ही कांहींच बोललों नाहीं. तो टेंपो, ती फाटकी ताडपत्री आणि तो तवा डोळ्यांपुढें उभा राहिला. पाव आम्ही नेला होता. पण शेजारी म्हणून नेला नव्हता.

ह्या बोलण्यांतून सप्टेंबरच्या पावाची कल्पना निघाली. ती पुढें येतांच धर्मग्रामाच्या सभेंत वाद माजला. आज हंसूं येतें, परंतु त्या वेळीं मंडळी खरोखर तावातावानें बोललीं. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, कीं शोकाच्या दिवशीं गोडाचा पदार्थ कोणाच्या दारीं न्यावा, हा त्या मृतांचा अपमान होय. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, कीं क्रूसाचा पाव पवित्र शुक्रवारींच शोभतो, तो वाटेल त्या दिवशीं केला तर त्याचें महत्त्व राहणार नाहीं. तिसऱ्यांना भीति, कीं लोक म्हणतील, हे पाव देऊन धर्म वाढवावयास आले.

दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर इतिहासांतच सांपडलें. इंग्लंडांत राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींत, १५९२ सालीं, लंडनच्या बाजाराच्या अधिकाऱ्यानें मसाल्याचे पाव विकण्यास बंदी केली होती, असें सांगतात. त्या बंदींतून तीन प्रसंग तेवढे वगळले होते: पवित्र शुक्रवार, नाताळ आणि प्रेतसंस्कार. बंदी मोडून कोणीं पाव विकलेच तर ते जप्त करून गरिबांस वाटून टाकावयाचे. (हा दंड आम्हांस फार आवडला. असे अपराधी आपल्या बाजारांतही निघावे!) तेव्हां मसाल्याचा पाव नुसता सणाचा नसून दुखवट्याचाही आहे, हें आत्याबाईंनीं पुस्तक न वाचतां ओळखलें होतें. पश्चिमेकडे सर्व मृतांच्या दिवसाच्या सुमारास मृतांच्या नांवें लहान पाव गरिबांस वाटण्याचा प्रघातही पुष्कळ ठिकाणीं होता.

राहिले दोन आक्षेप. त्यांवर आपल्या तेव्हांच्या धर्मगुरूंनीं जो निर्णय दिला, तो आमच्या मतें ह्या धर्मग्रामाच्या इतिहासांत घंटेपेक्षां अधिक महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, "हा पाव म्हणजे संस्कार नव्हे, भाकरीच आहे. ती न्यावी कीं न न्यावी, हें आपण कां ठरवितों? ज्यांचा दुखवटा आहे त्यांस जाऊन विचारा." आम्ही पांचजण गेलों. ह्या वेळीं टेंपो नव्हता, हात रिकामे होते.

नवें गांव पाहिलें. पुनर्वसनांत जमिनीच्या मानानें २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं घरें दिलेलीं. भिंती हलक्या, रस्ते रुंद व सरळ. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें सरकारनें जें काम केलें तें लहान नव्हे, आणि त्या घरांत माणसें आज निर्भय झोंपतात. पण जुन्या गांवांत भिंतीला भिंत लागलेली असे. एका घरीं हाक मारली कीं तीन घरांत ऐकूं जाई. नव्या गांवांत शेजार सुटा झाला. पारावर बसलेल्या वृद्धांपुढें आम्ही आमचें म्हणणें मांडलें. पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. मग एकजण म्हणाले, "आणा. पर किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला कारेक्रम असतोय, त्याच्या आधी या. आन् नुसता पाव नको, संगट भाकरी बी आणा." दुसऱ्यांनीं पुस्ती जोडली, कीं बरेचजण माळकरी आहेत, तेव्हां पावांत अंडें नको. विचारल्याचा हा लाभ!

त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या मिस्सेंत धर्मगुरूंनीं जें सांगितलें तें आम्हांस अद्याप स्मरतें. तो दिवस संत जेरोमचा आहे. सन ४२० मध्यें ३० सप्टेंबर रोजीं बेथलेहेमांत ते निवर्तले. पवित्र शास्त्र लॅटिन भाषेंत आणणारे महापंडित म्हणून त्यांस जग ओळखतें. परंतु सन ४१० मध्यें रोम शहर शत्रूनें लुटलें, आणि त्या महान् नगरींतून पळालेलीं माणसें, कालचे धनिक, अन्नाला मोताद होऊन बेथलेहेमांत येऊं लागलीं. जेरोम त्या वेळीं यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथावर भाष्य लिहीत होते. त्यांनीं तें लेखन बाजूस ठेविलें आणि त्या लोकांच्या सेवेला लागले. बेथलेहेम ह्या हिब्रू नांवाचा अर्थच भाकरीचें घर असा आहे. आमच्या धर्मगुरूंनीं ह्यावर फार कांहीं भाष्य केलें नाहीं. भाष्य बाजूस ठेवण्याचाच तो दिवस, असें ते म्हणाले आणि वेदीकडे वळले.

आतां पावाची कृति. ही आमच्या अधिकारांतली बाब नव्हे. स्त्रियांनीं सांगितलें तसें लिहून घेतलें आहे, चूक असल्यास त्यांनीं भाषणानंतर आम्हांस अवश्य पकडावें. एक किलो मैद्यास चहाचे दोन चमचे दालचिनीची पूड, अर्धें जायफळ, आठ लवंगा, आठ वेलदोडे व चमचाभर सुंठ. मसाला ह्याहून वाढवूं नये. दालचिनी फार झाली तर खमीर मंदावतें. गूळ दीडशें ग्रॅम, तो दीडशें मिलिलिटर पाण्यांत विरघळवून गाळून घ्यावयाचा. ऊन दुधांत गूळ घातला तर दूध नासण्याची धास्ती. दूध कोमट, चारशें मिलिलिटर. कोरडें यीस्ट पंधरा ग्रॅम, मीठ तितकेंच, लोणी शंभर ग्रॅम, बेदाणे दोनशें ग्रॅम. हात चिकटेनासा होईपर्यंत पीठ तिंबावयाचें, मग ओल्या फडक्याखालीं दीड-दोन तास ठेवावयाचें. एका किलोचे तीस पाव होतात. आपण सहा किलो करतों.

ह्यांत दोन गोष्टी आपल्या मराठवाड्याच्या आहेत. एक मोसंबीची साल. सप्टेंबरांत जालन्याकडची मोसंबी बाजारांत असते. तिची साल पाकवून बारीक चिरून पिठांत घालतात. साल कडू असते, म्हणून ती तीनदां उकळून पाणी फेंकण्याची रीत आहे. आपल्या स्त्रिया ती एकदांच उकळतात. पहिल्या वर्षीं कोणीतरी विचारलें, अजून कडू लागते, पुन्हां उकळूं कां? तेव्हां आत्याबाई भिंतीशीं बसल्या बसल्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कडू भाकरीला कडू नको व्हय?" तेव्हांपासून तें तसेंच राहिलें आहे. लहान मुलें साल वेंचून बाजूस काढतात, काढूं द्यावीं.

दुसरी गोष्ट ज्वारी. पहिल्या वर्षीं मंडळींच्या मनांत आलें, कीं सगळा पावच ज्वारीचा करावा. केला. तो फुगला नाहीं, विटेसारखा निघाला. ज्वारीच्या पिठांत गव्हासारखा ताण नसतो, तें वायु धरून ठेवीत नाहीं. बेकरीचे मालक, ज्यांस आपण सर्व चाचा म्हणतों, ते तो पाव हातांत तोलून म्हणाले, "मास्तर, इससे घर बांधो!" नंतर थोडें ओशाळले, कारण घराचें नांव त्या रात्रीं तोंडांत यावयास नको होतें. तेव्हां ज्वारी पावांत न घालतां वरच्या क्रूसासाठीं वापरावी, असें ठरलें. ताजें दळलेलें पीठ हवें. विरी गेलेलें पीठ चालत नाहीं. त्यावर उकळतें पाणी ओतून, भाकरीला मळतों त्याहून सैल करून, थोडा मैदा मिसळून, कागदाच्या शंकूनें पावावर दोन रेघा ओढतात. भाजल्यावर मैद्याचा क्रूस गुळगुळीत निघतो. ज्वारीचा जरा तडकतो. तो तडकलेलाच बरा दिसतो.

ती ज्वारी दरवर्षीं त्या गांवाहून येते. आम्ही मागितली नव्हती; दुसऱ्या वर्षीं पारावरच्या वृद्धांनीं स्वतः पायली भरून पाठविली.

चाचांची भट्टी रात्रीं दोनपासून आपल्या स्वाधीन असते. त्याचें ते भाडें घेत नाहींत. कां, हें त्यांनीं आम्हांस एकदांच सांगितलें. १९९३ च्या त्या पहाटे लातुरांत ते तरुण कारागीर म्हणून ह्याच भट्टीवर पाव लावीत होते. अवघें शहर झोंपेंत असतां जागे असतात ते भटारी. लांब दांड्याचें फावडें आंत असतांना जमीन हलली, पत्रे खालीं आदळले, आणि ते बाहेर धांवले. परत आले तों आंतला सर्व पाव कोळसा झाला होता. त्यांचे मामांचें कुटुंब औशाच्या पलीकडे एका गांवीं होतें. पुढचें ते बोलले नाहींत.

म्हणून आपल्या रात्रीचा क्रम असा असतो: संध्याकाळीं महादूतांच्या सणाची मिस्सा, मग जपमाळ, दहा वाजतां पीठ तिंबणें, मध्यरात्रीनंतर गोळे वळणें. पावणेतीनला पहिला घाण भट्टींत, सव्वातीनला दुसरा, साडेतीनला तिसरा. तिसरा निघाला, कीं चाचा भट्टीचें दार लावतात. ३ वाजून ५६ मिनिटांनीं कोणी प्रार्थना म्हणत नाहीं, कीं घंटा वाजवीत नाहीं. पहिल्या वर्षीं आम्ही कांहीं वाचण्याची तयारी करून गेलों होतों. तो कागद खिशांतच राहिला. मैद्यानें माखलेले हात तसेच ठेवून सर्वजण उभे राहतात. चार वाजतां चाचांचीं पोरें शहराचा रोजचा पाव लावावयास घेतात आणि आत्याबाईंची परात भाकरीसाठीं पुढें येते.

आत्याबाई आतां नाहींत. त्यांच्या परातींत आपल्या सुना भाकऱ्या थापतात. सकाळीं सातच्या आंत आपण त्या गांवीं पोहोंचतों. पाव, भाकरी व पिठलें पारावर ठेवतों. एकेक घरचें माणूस येतें, एक घास भाकरीचा घेतें, एक पावाचा. आधीं कडू, मग गोड, असा क्रम त्यांनींच लावला आहे. त्यांतले बरेचसे स्मृतिस्तंभाकडे जातात, आम्हीही मागून जातों. पहिल्या वर्षीं आत्याबाईंनीं तो गोड घास घेतला आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिल्या. परततांना गाडींत त्या खिडकीकडे पाहत होत्या. "झालं," एवढेंच म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वीं ज्या धर्मभगिनींनीं हे पाव शिकविले त्या वृद्धापकाळानें प्रभुचरणीं विलीन झाल्या, हें आपण जाणतांच. दफनविधीच्या दिवशीं दुपारीं ख्रिस्तमंदिराच्या फाटकाशीं एक जीप येऊन थांबली. त्या गांवचीं सातआठ माणसें उतरलीं. दोन टोपलीं, त्यांवर पांढरें फडकें. मठांतल्या इतर धर्मभगिनींस कांहीं उमजेना. त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें. आम्ही फडकें उचललें. ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, अजून ऊन, आणि मातीच्या भांड्यांत पिठलें.

यंदाच्या तयारीविषयीं सूचना: मोसंबीच्या साली १५ सप्टेंबरपर्यंत चर्चच्या कार्यालयांत आणून द्याव्या. ज्यांच्याकडे मोठी परात आहे त्यांनीं नांव नोंदवावें. गेल्या वर्षीं दोन परातींची उणीव पडली. तवे पुरेसे आहेत.